खुराक एकीकडे, मेहनत दुसरीकडे

दिल्लीत रिक्षात बसून ‘हिंदूराव’ म्हटले की रिक्षा थेट रुग्णालयाच्या फाटकाशी जाऊन थांबते. ज्यांच्या नावाचे हे रुग्णालय, ते गृहस्थ वैद्य नव्हते आणि मूळचे दिल्लीकरही नव्हते. कागलच्या घाटगे घराण्यातले हिंदूराव हे बायजाबाई शिंद्यांचे भाऊ, म्हणजे ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांचे मेहुणे. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाल्यावर रिज या टेकडीवरचा त्याचा बंगला हिंदूरावांकडे आला. १८५७ च्या वेढ्यात या घराने तोफगोळे झेलले आणि पुढे त्याच आवारात महापालिकेचे रुग्णालय उभे राहिले. आज तिथे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. टेकडी एका बाजूने उतरले की दिल्ली विद्यापीठाचे उत्तर आवार लागते, दुसऱ्या बाजूने उतरले की रोशनारा बाग आणि शक्तीनगर. तिथेच गुरु हनुमान यांचा १९२५ पासूनचा आखाडा आहे. रुग्णालय, विद्यापीठ आणि आखाडा अशी शरीराशी संबंध असलेली तीन घरे दोन-तीन किलोमीटरच्या परिघात आहेत. माणूस हलतो कसा आणि खातो काय, हे दोन प्रश्न एकत्र विचारण्याची रीत मात्र या तिघांपैकी फक्त आखाड्याने सांभाळली. विद्यापीठाने ते दोन प्रश्न वेगवेगळ्या महाविद्यालयांत नेऊन ठेवले, आणि रुग्णालयाकडे ते बहुतेकदा फार उशिरा, रोग होऊन गेल्यावर येतात. ही फाटाफूट शरीराच्या स्वभावातून आलेली नाही. ती संस्थांच्या इतिहासातून आली आहे, आणि म्हणूनच ती दुरुस्त करता येण्यासारखी आहे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

तालमीतला शब्द आहे ‘खुराक’. कोल्हापुरात असो की शक्तीनगरात, खुराक हा शब्द कधी एकटा येत नाही. त्याच्या मागे मेहनत असतेच. दूध, तूप, बदाम किती घ्यायचे हे वस्ताद ठरवतो ते पोराचे जोर, बैठका आणि लढती बघून. आखाडा सोडलेल्या पैलवानाचे काय होते हेही तालमीला पक्के ठाऊक असते. मेहनत सुटते, खुराक सुटत नाही, आणि चाळिशीत पोट, गुडघे व साखर एकदमच तक्रार करू लागतात. या ज्ञानाचे गोडवे गाताना त्याच्या मर्यादा झाकायचे कारण नाही. ते तरुण पुरुषांपुरते होते, एकाच प्रकारच्या ताकदीपुरते होते, आणि त्यात मोजमाप नव्हते. पण त्याचा पाया बरोबर होता, हे आधुनिक मोजमापानेच दाखवले आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये सुधारलेले तक्ते पाहा. ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठे काम असेल तर दिवसाला २११० किलोकॅलरी, मध्यम कष्टाचे असेल तर २७१० आणि जड कष्टाचे असेल तर ३४७० किलोकॅलरी लागतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे १६६०, २१३० आणि २७२० आहेत. वय, वजन सारखेच धरले तरी गरज दीडपटीहून जास्त बदलते, आणि ती बदलते फक्त हालचालीमुळे. म्हणजे आहारतज्ज्ञाला पहिला आकडा लिहिण्याआधी समोरचा माणूस दिवसभर काय करतो हे मोजता आले पाहिजे. हे मोजण्याचे शास्त्र तिला कुठे शिकवले जाते?

दिल्ली विद्यापीठापुरते उत्तर शोधू. शारीरिक शिक्षण शिकायचे तर विकासपुरीला इंदिरा गांधी शारीरिक शिक्षण आणि क्रीडाविज्ञान संस्था आहे; ती १९८७ मध्ये सुरू झाली. अन्न आणि पोषण शिकायचे तर सिकंदरा रोडवरचे लेडी आयर्विन महाविद्यालय, १९३२ चे, नाहीतर हौज खासची गृहअर्थशास्त्र संस्था, १९६१ ची. नंतरच्या दोन्ही संस्था मुलींच्या. विकासपुरीत शरीररचना, शरीरक्रिया, हालचालीचे यांत्रिक नियम, प्रशिक्षणाचे तंत्र शिकवतात आणि पोषण हा त्यातला एखादा पेपर असतो. सिकंदरा रोडवर अन्नाचे रसायन, पोषणमूल्ये, रुग्णांचा आहार, समाजातले कुपोषण शिकवतात आणि व्यायाम हा त्यातला एखादा धडा असतो. दोन्हीकडे शिकवणारे जाणकार आहेत. तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण एका विद्यार्थ्याच्या हातात एकाच वर्षी अन्नाच्या घटकांचा तक्ता आणि धावणाऱ्या माणसाचा श्वास मोजणारे यंत्र येईल, अशी रचना पदवीच्या पातळीवर घडलेली नाही.

ती का घडली नाही, याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. आपल्याकडे शारीरिक शिक्षण मैदानातून विद्यापीठात आले. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. त्या मंडळाचा चमू १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून आला. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ मध्ये पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ स्थापले. १९३८ मध्ये मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था सुरू केली, तर १९५७ मध्ये, १८५७ च्या उठावाच्या शताब्दीला, ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने केंद्राचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय निघाले. या सगळ्या संस्थांना पिढी घडवायची होती. तिला शिस्त, बळ आणि राष्ट्रभावना द्यायची होती, आणि त्यासाठी शिक्षक हवे होते. त्यामुळे हा विषय शिक्षक-प्रशिक्षणाच्या छत्राखाली गेला आणि अजून तिथेच आहे. पोषणाचा रस्ता वेगळा होता. तो प्रयोगशाळेतून निघाला, पण विद्यापीठात शिरताना गृहविज्ञानाच्या दारातून शिरला, कारण मुलींच्या उच्च शिक्षणाला समाजाची संमती मिळवायची तर त्याला घराशी जोडणे सोयीचे होते. बडोद्याचे उदाहरण मला फार बोलके वाटते. याच शहरात राजरत्न माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाम मंदिर गाजले आणि दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी दहा खंडांचा मराठी व्यायाम ज्ञानकोश पुरा केला. याच शहरात हंसा मेहता कुलगुरू असताना १९५० मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाने गृहविज्ञानाची विद्याशाखा उघडली. एका गावात इतकी सामग्री जमली होती, तरी आखाडा आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत तशीच राहिली. ती भिंत बाईपुरुषाची होती, ज्ञानाची नव्हती.

पोषण हे मुळात स्वयंपाकघराचे शास्त्र नाही हे दाखवायला कमला सोहोनी पुरेशा आहेत. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९३३ मध्ये सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. त्यांनी तो हट्टाने मिळवला आणि पुढे केंब्रिजला जाऊन वनस्पतींच्या पेशीतल्या सायटोक्रोम सी या घटकावर १९३९ मध्ये पीएचडी केली. परतल्यावर त्या दिल्लीत लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या, तिथून कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत गेल्या आणि नंतर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी डाळींतल्या प्रथिनांवर आणि नीरेवर काम केले. पेशी प्राणवायू कसा वापरते, या प्रश्नापासून गरिबाच्या पानात काय पडते, या प्रश्नापर्यंतचा हा सरळ प्रवास आहे. सायटोक्रोम सी ही पेशीतल्या श्वसनाची कडी आहे, आणि धावणाऱ्याच्या पोटरीत जे जळते ते त्याच कडीतून. एकाच माणसाच्या अभ्यासात जे इतके सहज जोडले गेले, ते आपल्या अभ्यासक्रमांत तुटले. त्यांच्याच कुन्नूरच्या संस्थेत, त्यांच्या आधी, रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी उंदरांना हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या प्रांतांचे जेवण घालून पाहिले होते. शिखांचा आहार पहिला आला, पठाणांचा दुसरा, मराठ्यांचा तिसरा. अभिमानाची गोष्ट आहे खरी. पण तिथे बदलत होता तो उंदराचा आहार. उंदीर किती पळतो, हा प्रश्न त्या प्रयोगाचा नव्हता.

हा प्रश्न का विचारला पाहिजे, ते स्नायूकडे पाहिले की कळते. जेवणानंतर रक्तात येणारी साखर शरीरातल्या ज्या ऊती उचलतात त्यांत सर्वांत मोठा वाटा हाडांना जोडलेल्या स्नायूंचा असतो. साखरेला पेशीत घेणारी वाहक प्रथिने पेशीच्या आत साठवलेली असतात. इन्सुलिनचा निरोप आला की ती पृष्ठभागावर येतात. पण निरोप फक्त इन्सुलिनच देते असे नाही. स्नायू आकुंचन पावला की त्या हालचालीनेही हीच प्रथिने वर येतात, आणि या वाटेला इन्सुलिनची गरज पडत नाही. जेवून उठल्यावर शतपावली घालणाऱ्या आजोबांना हे ठाऊक नव्हते, परंतु घडत होते ते हेच. मधुमेहाच्या रुग्णाला एका खोलीत ‘भात कमी करा’ आणि दुसऱ्या खोलीत ‘चाला’ असे सांगितले जाते, तेव्हा एकाच दारावरच्या दोन किल्ल्या दोघांकडे वाटून दिलेल्या असतात. उलट दिशेचा पुरावा स्टॉकहोमचा आहे. १९६७ मध्ये योनास बेरिस्ट्रोम, एरिक हुल्टमन, बेंग्ट साल्टिन आणि सहकाऱ्यांनी सुईने मांडीच्या स्नायूचा कण काढून त्यातले ग्लायकोजेन मोजले आणि त्याच माणसांना ठरावीक जोराने सायकल चालवायला लावली. नेहमीच्या जेवणावर माणसे सरासरी ११४ मिनिटांच्या आसपास टिकली. पिष्टमय पदार्थ जवळजवळ वगळून चरबी आणि प्रथिनांवर ठेवले तेव्हा ५७ मिनिटांत थकली, आणि पिष्टमय पदार्थ भरपूर दिले तेव्हा १६७ मिनिटांपर्यंत गेली. पाय तेच होते, सरावही तोच होता. फरक पडला तो गेल्या काही दिवसांच्या ताटाने. नुसते व्यायामशास्त्र शिकलेल्याला हा निकाल चमत्कार वाटला असता, आणि नुसते आहारशास्त्र शिकलेल्याला असा प्रयोग सुचलाच नसता.

समाजाच्या पातळीवरचे पुरावेही एका शास्त्राने उलगडत नाहीत. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर जेरी मॉरिस यांनी केलेले काम जगभर सांगितले जाते. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांना हृदयविकार जास्त, जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना कमी, असे १९५३ मध्ये त्यांनी दाखवले. याचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. मॉरिस यांनीच नंतर गणवेशाच्या नोंदी काढल्या तेव्हा चालकांच्या विजारींची कंबर वाहकांपेक्षा मोठी निघाली. मग दोष बसण्याचा, खाण्याचा, की जाड माणसेच चालक होतात याचा? हालचाल मोजली आणि ताट मोजले नाही, की निष्कर्ष असा लटकत राहतो. दोन्ही मोजण्याचा प्रयत्न आपल्याच देशात झाला होता. जाँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या २१३ पुरुषांचा आहार, वजन आणि कामाचे स्वरूप नोंदवून १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. मध्यम ते जड काम करणाऱ्यांत कामाबरोबर खाणे वाढत होते, वजन मात्र स्थिर होते. अगदी बैठे काम करणाऱ्यांत मात्र उलटे दिसले: ते हलके काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही जास्त होते. म्हणजे हालचाल एका मर्यादेखाली गेली की भुकेचा हिशेब बिघडतो, असा संशय या आकड्यांनी निर्माण केला. एकाच वेळी घेतलेले हे मोजमाप आहे, त्याने कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण प्रश्न विचारण्याची पद्धत बरोबर होती, आणि सत्तर वर्षांनंतर, आपली बहुतेक कामे खुर्चीत बसून होऊ लागली असताना, तो प्रश्न जास्तच बोचरा झाला आहे.

भारतीय शरीरासाठी ही जोडणी ऐच्छिक राहिलेली नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापली. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, म्हणजे तक्त्याप्रमाणे दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही. आपल्याकडे काटा जेवढा भरतो त्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, आणि हे जन्मापासूनच सुरू होते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या मातापोषण अभ्यासात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो निघाले, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो; पण पुण्याच्या बाळांत जे कमी होते ते मुख्यतः स्नायू आणि पोटातले अवयव, त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिल्लीत १९६९ पासून ज्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला गेला, त्यांच्यावरचा २००४ चा अहवालही याच दिशेने जातो: दोन वर्षांचे असताना बारीक असलेली आणि पुढे भराभर वजन वाढलेली मुले तरुणपणी साखरेच्या विकाराकडे अधिक झुकली. अशा शरीराला फक्त ‘कमी खा’ सांगितले तर आधीच तोकडा असलेला स्नायू आणखी घटण्याची भीती असते. फक्त ‘व्यायाम कर’ सांगितले आणि पानात प्रथिने नसली तर स्नायू बांधायला वीट कुठून येणार? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेही १० कोटींहून अधिक आहेत, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे आणखी १३ कोटींहून अधिक. इतक्या लोकांना सल्ला देणारी माणसे अर्ध्या शास्त्रावर तयार करणे आपल्याला परवडणारे नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो नैतिक स्वरूपाचा, आणि तो मी हलका समजत नाही. हे सगळे खात्यापित्या शहरी लोकांचे लाड आहेत, देशात अजून अर्धपोटी माणसे आहेत, त्यांना कसली हालचालीची विद्या शिकवता? पण अर्धपोटी माणसाचा प्रश्न तर या दोन शास्त्रांच्या संगमावरच उभा आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शोभा राव यांनी वर सांगितलेल्या त्याच गावांतल्या गरोदर बायांचे कष्ट मोजले. शेतातली कामे, पाणी भरणे, घरकाम या सगळ्यांना गुण दिले आणि २००३ मध्ये दाखवले की जास्त कष्ट करणाऱ्या बायांची बाळे आकाराने लहान होती. त्यांच्याच गटाने त्याआधी हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा बाळाच्या आकाराशी संबंध दाखवला होता. डोक्यावरच्या हंड्याचा हिशेब न करता या बाईच्या पानाचा हिशेब करता येत नाही. गरिबांबाबत दुसरा पुरावा इंडोनेशियाचा. रबराच्या मळ्यांत काम करणाऱ्या, रक्त कमी असलेल्या मजुरांना लोहाच्या गोळ्या दिल्यावर त्यांचे काम वाढले आणि म्हणून मजुरीही वाढली, असे १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. आपल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांत रक्तक्षय निघाला. ऊसतोडीला जाणारी, विटा वाहणारी, लोकलला लोंबकळून कामावर जाणारी बाई अशक्तपणातही हालचाल करतेच. तिला व्यायामशाळा नको आहे. तिच्या श्रमाचे आणि तिच्या अन्नाचे गणित एकाच कागदावर मांडणारा माणूस तिला हवा आहे.

दुसरा आक्षेप विद्यापीठातल्या जाणकारांचा: दोन खोल शास्त्रे एका पदवीत कोंबली की दोन्ही उथळ होतील. हीच भीती अमेरिकेत उलट बाजूने अनुभवली गेली. १९६३ मध्ये शिक्षणतज्ज्ञ जेम्स कॉनंट यांनी शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांवर झोड उठवली. ते विद्यापीठाच्या दर्जाचे नाहीत असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी बर्कलीच्या फ्रँकलिन हेन्री यांनी उत्तर दिले की मानवी हालचाल हा स्वतंत्र ज्ञानविषय आहे. पण तो शरीरक्रिया, यांत्रिकी, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांना आडवा छेद देऊन जातो. त्यानंतर तिथल्या अनेक विभागांनी नावही बदलले आणि अभ्यासही. खोली विषयाच्या अरुंदपणातून येतेच असे नाही. नेमका प्रश्न विचारण्यातून ती येते. कोपनहेगनमध्ये ऑगस्ट क्रोग हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि योहानेस लिंडहार्ड हे चक्क व्यायामविद्येचे प्राध्यापक. दोघांनी १९२० मध्ये मिळून एकच प्रश्न हाताळला, की स्नायूला चरबी अधिक उपयोगी की पिष्ट. आज त्याच विद्यापीठात पोषण, व्यायाम आणि क्रीडा यांचा एकच विभाग आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टमध्येही पोषण आणि हालचाल एका विभागात शिकवतात. तिथले विद्यार्थी उथळ झाल्याचे कुणी म्हणत नाही.

तिसरा आक्षेप पालकांचा, आणि माझ्या मते सर्वांत वजनदार: नोकरी काय? शाळेत व्यायामशिक्षकाची जागा आहे, तिला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने मान्य केलेली पदवी लागते. रुग्णालयात आहारतज्ज्ञाची जागा आहे, आणि २०२१ च्या कायद्याने सहायक आरोग्य व्यवसायांसाठी जो राष्ट्रीय आयोग नेमला त्यात पोषणतज्ज्ञ एका गटात आणि भौतिकोपचारतज्ज्ञ दुसऱ्या गटात मोडतात. दोन्ही शिकलेल्या मुलीला कोणत्या रकान्यात टाकायचे? आज तरी तिने दोन्हीपैकी एका मान्य पदवीची वाट धरावी आणि दुसरा विषय जोडीला घ्यावा, हाच प्रामाणिक सल्ला. तिच्यासाठी रकाना नाही हा दोष रकान्यांचा आहे. पण फी भरणाऱ्या बापाला तेवढ्याने समाधान होणार नाही, आणि होऊही नये. एक गोष्ट मात्र त्याने लक्षात घ्यावी. रकान्याबाहेर ही मागणी आजच भागवली जाते आहे. गल्लोगल्लीच्या जिममध्ये प्रथिनांच्या भुकटीचे डबे विकणारा प्रशिक्षक आणि मोबाइलवर ‘डाएट प्लॅन’ देणारी ताई या दोघांनी हे क्षेत्र कधीच काबीज केले आहे. विद्यापीठाने जागा रिकामी ठेवली की बाजार ती भरतो.

आपल्या परंपरेत योग आणि आयुर्वेद असताना हे परके ओझे कशाला, असेही म्हणणारे भेटतात. त्यांना लोणावळ्याला पाठवावे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये तिथे कैवल्यधाम उभारले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले, ते आसने आणि प्राणायाम यांचे परिणाम यंत्रांनी मोजून छापण्यासाठी. मुंबई इलाख्यातल्या शारीरिक शिक्षणाच्या आखणीतही त्यांचा हात होता. परंपरेचा आदर आणि मोजपट्टी यांचे भांडण त्यांना कधी वाटले नाही.

ही दोन शास्त्रे एका पदवीत आणायला नवे विद्यापीठ किंवा नवी इमारत लागत नाही. क्रीडा विद्यापीठांचे कायदे दिल्लीनेही केले आणि महाराष्ट्रानेही. त्यातून काय उगवेल ते दिसेलच, पण तिथेही भर पदकांवर असणार हे नावातच आहे. मला अपेक्षित असलेला पदवीधर पदकासाठी नाही, पोटासाठी राबणाऱ्यांच्या आणि खुर्चीत खिळलेल्यांच्या कामाचा. त्याला चार वर्षांत जीवरसायन आणि शरीरक्रिया खोलवर शिकवावी, हालचालीची यांत्रिकी शिकवावी, अन्नघटकांचे तक्ते कसे बनतात ते हाताने करून पाहायला लावावे, श्वासातल्या प्राणवायूवरून ऊर्जा मोजायला लावावी, आणि एक पूर्ण सत्र वस्तीत नाहीतर शेतावर पाठवावे. दिल्ली विद्यापीठात २०२२ पासून चार वर्षांची पदवी आली आहे, दुसऱ्या विषयातले पेपर घ्यायची मुभाही आहे. त्या मुभेत विद्यार्थी दोन श्रेयांकांचा ‘फिट इंडिया’ घेऊ शकतो किंवा दोन श्रेयांकांचा ‘आयुर्वेद आणि पोषण’. म्हणजे जोडविषयांतसुद्धा मेहनत एका पेपरात आणि खुराक दुसऱ्यात! विकासपुरीच्या संस्थेने आणि सिकंदरा रोडच्या महाविद्यालयाने एकमेकांचे प्रत्येकी सहा पेपर मान्य केले, त्यांत मुलगे-मुली दोघांनाही बसू दिले, आणि हिंदूरावसारख्या सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दोघांच्या विद्यार्थ्यांनी मधुमेहाच्या एकाच रुग्णाची एकत्र नोंद घ्यायला सुरुवात केली, तरी पहिले पाऊल पडेल. अंतराची सबब चालणार नाही. सिकंदरा रोडजवळच्या मंडी हाउसला मेट्रोत बसले की विकासपुरीजवळच्या जनकपुरी पश्चिमपर्यंत गाडी बदलावी लागत नाही.